डिस्प्ले नसलेला कॉम्प्युटर आणि काशीआत्याचा धवला

तुम्ही हसणार हे धरूनच लिहायला बसलोय. कारण अशा सदरातले अनुभव वाचून मी स्वतः वर्षानुवर्षं हसत आलोय. कुणाच्या विहिरीवर बाई बसते, कुणाच्या मागून पांढरी गाडी येते... आणि मी चहाचा घोट घेत म्हणायचो, यांच्या घराचं अर्थिंग तपासा आधी. माझा धंदाच तो आहे. पॉवरलूमचे स्टार्टर, पॅनल, मोटरची वायरिंग. भिवंडीतल्या निजामपुऱ्याच्या गल्ल्यांतून खिशात टेस्टर घालून फिरता फिरता केस पांढरे झाले. दिवा आपोआप लागला तर लूज कनेक्शन, पंखा आपोआप फिरला तर वारा, आणि माणूस आपोआप बडबडायला लागला तर दारू — इतकं साधं माझं शास्त्र.

हा प्रकार मी आधी कॉम्प्युटरवाल्यांच्या एका फोरमवर टाकला होता. म्हटलं शिकलेली मंडळी आहेत, काहीतरी उलगडा करतील. पहिलं उत्तर आलं — "काका, बायोस अपडेट करा." दुसऱ्याने लिहिलं, एआयने आवाज बनवला असेल. तिसऱ्याने नुसतं हसणारं तोंड टाकलं. अरे, ज्या मशीनला डिस्प्ले नाही, डिस्क नाही, इंटरनेट नाही, त्यावर एआय कुठून आला, माझ्या पायजम्याच्या खिशातून? तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणून आता इथे लिहितोय. निदान इथे बायोस अपडेट करा असं कोणी म्हणणार नाही.

घर मानकोली नाक्यावरून आत, गोडाऊनच्या रांगा संपतात तिथे. गावाचं नाव देत नाही, दादाला आवडायचं नाही. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. बापाच्या घराचा पुढचा भाग त्याचा, मागचा माझा. माझ्या मागच्या खोलीला भिंतीला भिंत लावून दादाची शेड आहे. पूर्वी तिथे लूम होते. मंदीत ते भंगारात गेले आणि आता त्या शेडमध्ये कुठल्याशा कंपनीचे खोके छतापर्यंत रचलेले असतात. ही शेड लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्या मागच्या खोलीत आमची काशीआत्या राहायची. बापाची बहीण, तरुणपणी विधवा होऊन परत आलेली. आत्या धवलारीण होती. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो — आमच्या आगरी लग्नात भटजी असो नसो, धवलारीण लागते. तेल, हळद, मांडव, प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि तो तिनेच म्हणायचा. त्यात देवांची नावं, पूर्वजांची नावं आणि दोन्ही घरांतल्या माणसांची नावं घेऊन त्यांना मांडवात बोलवायचं. आत्याची एक खोड होती. इतर धवलारणी नवऱ्याच्या बापाचं नाव घेऊन पुढे जायच्या, ही मात्र नवऱ्याच्या आईला नावाने हाक मारायची. आई जिवंत असो वा नसो. म्हणायची, "जिचा लेक न्यायचा तिला इचारायला नको?"

मी तिचे धवले रेकॉर्ड केले होते. माझा पहिला कॉम्प्युटर, स्वतः जोडलेला, त्याच खोलीत होता. हेडफोनचा माईक तिच्या तोंडापुढे धरायचा आणि सांगायचं, आत्या, म्हण. पण भिंतीपलीकडे दादाचे लूम धडधडायचे. त्यातला एक तर लंगडा होता, दोन ठोके सरळ आणि तिसरा घसटत... खट, खट, खटाक. त्या गोंगाटात काय रेकॉर्ड होणार? म्हणून आम्ही फक्त शुक्रवारी बसायचो. भिवंडीत लूमची सुट्टी शुक्रवारी, हे इथल्या माणसाला सांगायला नको. सगळ्या गावाचे कान त्या दिवशी मोकळे व्हायचे. माझं एकूण एक रेकॉर्डिंग शुक्रवारचं, आणि एकाही रेकॉर्डिंगमागे लूमचा आवाज नव्हता.

पुढे आत्या गेली. त्यानंतर एका पावसाळ्यात खाडीचं पाणी घरात शिरलं, तेव्हा कॉम्प्युटरही गेला. हार्ड डिस्क तेवढी काढून, पुसून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवली होती. कधीतरी बघू म्हणून... आणि कधीतरी आलंच.

माझी मुलगी मानसी. मानकोलीच्या एका लॉजिस्टिक पार्कमध्ये ऑफिसात काम करते. तिथेच निखिल भेटला. टेमघरचा, बौद्ध समाजातला मुलगा. शांत, कामाला वाघ, सिगारेटलासुद्धा न शिवणारा. मी आणि माझी बायको सुनंदा, आम्हाला दोघांनाही पोरगा पसंत पडला. निखिलच्या वडिलांशी, रमेशरावांशी, बोलून साधा मार्ग काढला : लग्न त्यांच्या पद्धतीने, हॉलमध्ये, बुद्धवंदना घेऊन, आणि आदल्या दिवशीची हळद आमच्या घरी, आमच्या पद्धतीने. रमेशराव म्हणाले, निखिलच्या आईला आवडलं असतं. ती निखिल लहान असतानाच गेलेली. पत्रिकेवर तिचं नाव छापलं होतं, कालकथित सुजाता.

यात कुणाचं काय बिघडत होतं? पण नाही! दादाने बोलणं टाकलं. मांडवाला उंबराची फांदी आणायची जबाबदारी त्याची, थोरला काका म्हणून. ती आणणार नाही म्हणाला. आणि गावातली जी एकच धवलारीण उरली आहे तिच्याकडे मी गेलो तर तिने दारातूनच हात जोडले. "तुजी पोर माजी पोरच हाय रे, पन मना गावान ऱ्हायाचा हाय. पान्यान ऱ्हाऊन माशाशी वैर कशी करू?" तिचा राग नाही आला मला. तिच्या कानात कोणी काय ओतलं होतं ते मला ठाऊक होतं. राग आला तो दादाचा. ज्या मानसीला खांद्यावर बसवून जत्रेला न्यायचा, तिची हळद मुकी जावी म्हणून हा माणूस घरोघर फिरत होता!

मानसी मला म्हणाली, "बाबा, असू दे. मोबाईलवर गाणी लावू." बोलताना हसली. पण ती आत्याच्या मांडीवर वाढलेली पोर. लहानपणी बाहुलीचं लग्न लावायची तेव्हासुद्धा आत्याला ओढून आणायची, धवला म्हणायला. ते हसू खरं नव्हतं. मी ठरवलं, हळदीला धवला होणार, आणि काशीआत्याच्याच आवाजात होणार.

हार्ड डिस्क ठाण्याच्या एका डेटा काढून देणाऱ्या माणसाकडे दिली. तो म्हणाला, बघतो, वेळ लागेल. तोवर मी नवा कॉम्प्युटर जोडायला घेतला. सुनंदा म्हणाली की मोबाईलवर होईल की, एवढा खटाटोप कशाला. पण आत्याची रेकॉर्डिंग म्हणजे गुंता होता. मध्येच खोकला, मध्येच चहा, तेलाच्या धवल्यात हळदीचा धवला घुसलेला. कापून, जोडून, क्रमाने लावायचं तर हाताशी धड मशीन पाहिजे. आणि खरं सांगू? मला स्वतःच्या हाताने जोडलेलीच मशीन पाहिजे होती.

आता मदरबोर्ड आणि प्रोसेसर निवडणं म्हणजे सोयरीक जुळवण्यासारखंच निघालं. या प्रोसेसरला हा बोर्ड चालतो, त्याला तो सॉकेट बसत नाही, एक पिढी पुढची, एक मागची. गोत्र जुळलं तर रॅम जुळत नाही. व्हिडिओ बघून बघून डोळे लाल झाले. प्रत्येक पोऱ्या दुसऱ्याच्या विरुद्ध सांगतो, आणि सगळे इतक्या खात्रीने सांगतात की वाटावं यांनीच सिलिकॉन शोधून काढलं. मी मात्र माझ्या अकलेने चाललो. आमच्या लाईनवर व्होल्टेज माकडासारखं उड्या मारतं, तेव्हा बोर्ड मजबूत पाहिजे. त्याचा पॉवरचा भाग दणकट, कपॅसिटर चांगले, थंड राहणारा. बोर्डावर मी कंजूषपणा केला नाही. प्रोसेसरवर केला. एकाच नावाचे दोन प्रोसेसर होते, एकाच्या शेवटी ‘एफ’ अक्षर होतं आणि तो स्वस्त होता. वेग तोच, सगळं तेच. मी एफवाला उचलला आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतली.

शुक्रवारी दुपारी जोडायला बसलो. त्या दिवशी मला सुट्टी, कारण लूम बंद. सुनंदा आणि मानसी पत्रिका वाटायला कल्याणला गेल्या होत्या. आत्याच्याच खोलीत, टेबलावर जुनी चादर अंथरून बोर्ड ठेवला. प्रोसेसर बसवला, पेस्ट लावली, पंखा, रॅम, पॉवर सप्लाय. नवी एसएसडी, म्हणजे डिस्क, अजून खोक्यातच होती, म्हटलं आधी डिस्प्ले येतो का बघू. जुने वायरवाले स्पीकर मात्र लावून टाकले मागे, हाताशी होते म्हणून. बटण दाबलं. पंखा फिरला, बोर्डावरचे दिवे लागले... आणि स्क्रीन काळा.

पुन्हा केलं. काळाच. रॅम काढून घातली, केबल बदलली, मॉनिटर दुसऱ्या प्लगवर लावला. काळा तो काळाच. बोर्डावर एक बारीक लाल दिवा असतो, मशीन कुठे अडकली ते दाखवणारा. तो डिस्प्लेपाशी येऊन थांबायचा. शेवटी दुकानदाराला फोन लावला. तो थंडपणे म्हणाला, "चाचा, एफवाला है ना आपका? उसमें डिस्प्ले नहीं आता. ग्राफिक कार्ड अलग से डालना पड़ता है." मी म्हटलं, बेचते टाइम क्यूं नहीं बताया? तर म्हणतो, "आपने पूछा कहाँ?"

आता मला सांगा, चूक कोणाची? सायकल विकताना सीट वेगळी घ्यावी लागेल हे गिऱ्हाइकाने विचारायचं असतं का? मी त्याला फोनवर असा काही झापला की शेजारच्या अंगणातली कोंबडी पळाली. फोन आपटला. मशीन तशीच चालू, पंखा फिरतोय, स्क्रीन काळा, लाल दिवा तिथेच अडकलेला.

माझा आवाज ऐकूनच असेल, किंवा त्याला यायचंच असेल, दादा दारात उभा राहिला. किती दिवसांनी उंबऱ्यावर पाय ठेवला होता त्याने. मला क्षणभर वाटलं, विरघळला. कसला विरघळतोय! त्याला कुठूनतरी कळलं होतं की मी आत्याचे धवले हळदीत वाजवणार. तेच बंद करायला आला होता. म्हणाला, जिवंत माणसांना नाचव हवं तर, पण मेलेल्या बाईला असल्या लग्नात ओढू नको. मी म्हटलं, दादा, ती माझीही आत्या होती. शब्दाने शब्द वाढला. मग तो जे बोलला ते मी जन्मात विसरणार नाही.

"आत्या असती ना, तर तिना या लगनान तोंड उघारला नसता."

आणि स्पीकरमधून आत्या गायला लागली.

मी जे लिहितोय ते नीट वाचा. खरखर नव्हती. मोबाईल जवळ आणल्यावर होतं तसं टिडिक-टिडिक नव्हतं. आत्याचा आवाज होता, नाकातून किंचित येणारा, ओळ संपताना खाली बसणारा. आणि त्या आवाजामागे लूम चालत होते. दादाच्या शेडमधले लूम. खट, खट, खटाक... तो लंगडा सुद्धा. भिंतीपलीकडे खोके होते, बाहेर शुक्रवार होता, अख्ख्या परिसरात एक मोटर चालू नव्हती.

ती गात होती,

"ये गो चंद्रा, ये मांडवान,
तुजा निखिल आयला आमचे दारान.
तुजे हातची हलद लाव गो पयली,
माजी मानसी तुजे वटीन दिली."

दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा सुरू होईल असं वाटलं, तिने श्वास घेतल्याचं ऐकू आलं, आणि थांबलं. लूमही थांबले. नुसता पंखा फिरत राहिला.

मी दादाकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तो माझ्याकडे नाही, भिंतीकडे बघत होता, शेडच्या भिंतीकडे. मी म्हटलं, दादा, ऐकलंस ना? तो वळला आणि निघून गेला. चपला माझ्या दारात ठेवून, अनवाणी.

मी काय केलं असेल? इलेक्ट्रिशियन माणूस, आधी स्पीकरची वायर तपासली. ती बोर्डाच्याच सॉकेटमध्ये होती. कुठे ब्लूटूथ नाही, कुठे रेडिओ नाही. काही महाभाग म्हणतात, स्पीकरची वायर अँटेना होते आणि एफएम पकडते. होत असेल. पण कुठलं एफएम स्टेशन माझ्या जावयाचं नाव घेऊन धवला लावतं, तेवढं सांगा. निखिल हे नाव आत्याने आयुष्यात ऐकलेलं नव्हतं. ती गेली तेव्हा मानसी शाळेत होती. आणि जुनी डिस्क त्या क्षणी ठाण्यात होती.

एक गोष्ट मात्र मलाच खात होती. चंद्रा कोण? निखिलच्या आईचं नाव सुजाता. आत्या कधी नावात चुकायची नाही. म्हणजे हे सगळं माझ्याच डोक्यात झालं का? दुकानदारावर इतका तापलो होतो की मेंदूचा फ्यूज उडाला? म्हणून मी गप्प बसलो. सुनंदाला एवढंच सांगितलं की आत्याचा आवाज आल्यासारखं वाटलं. तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. त्या ओळी मी तिला सांगितल्या नाहीत, मानसीला नाहीत, फोरमवर तर हळद होऊन गेल्यावर लिहिलं. हे मी शपथेवर सांगतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

दुसऱ्या दिवशी चपला घेऊन दादाकडे गेलो. म्हटलं, आता दोघंच आहोत, खरं सांग. त्याने पेपरमधून मान वर केली नाही. म्हणाला, तुझा स्पीकर खरखरला. मी म्हटलं, अरे लूम ऐकू आले, तुझा लंगडा लूम ऐकू आला! तर म्हणतो, "मी काय बी आयकला न्हाय." हातच्या कांकणाला आरसा कशाला? घरापर्यंत अनवाणी गेलेला माणूस मला सांगतो, ऐकलं न्हाय! एक साक्षीदार होता मला या जगात, आणि तोही फिरला. मी चपला त्याच्या दारात आपटून परत आलो.

त्याच आठवड्यात ठाण्याच्या माणसाचा फोन आला. डिस्कमधून काही निघालं नाही, आत गंज चढलेला होता. संपलं. आत्याचा एक शब्द कुठे उरला नाही.

हळदीचा दिवस उजाडला. उंबराची फांदी मीच तोडून आणली. मांडव बरा दिसत होता, पण माणसं कमी होती. गावातल्या बायका आल्या त्या उभ्याउभ्या, पदर सावरत, कोणी बघतंय का बघत. निखिलकडून रमेशराव, त्यांची बहीण आणि दोन-तीन माणसं उष्टी हळद घेऊन आली होती. मानसी पाटावर बसली. सुनंदाने वाटी पुढे ठेवली. आणि मग ती शांतता पसरली. आमच्यात अशा वेळी शांतता नसतेच हो. त्या जागेवर धवलारीण असते. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, कोणी सुरू करेना. मानसीने मान खाली घातली. एका पोरीने मोबाईल काढला, गाणं शोधायला.

तेवढ्यात पुढच्या दाराने वहिनी आली. दादाची बायको. एकटी, हिरवं नऊवारी नेसून. लग्न होऊन आल्यापासून या बाईने दादाच्या शब्दाबाहेर पाऊल टाकलेलं मी बघितलं नव्हतं. ती कोणाशी बोलली नाही. सरळ येऊन मानसीच्या शेजारी बसली, डोक्यावर पदर घेतला, डोळे मिटले आणि म्हणायला लागली. आवाज काही आत्यासारखा नव्हता, चिरका होता, थरथरत होता. आधी देवांना बोलावलं. मग आमच्या पूर्वजांना. आणि मग —

"ये गो चंद्रा, ये मांडवान..."

माझ्या हातातलं पाण्याचं भांडं खाली पडलं. शब्द न शब्द तेच. तुजे हातची हलद लाव गो पयली. ओळ संपताना आवाज तसाच खाली बसवलेला. आणि दोनदा म्हणून, तिसऱ्यांदा श्वास घेऊन, थांबली. तिथेच!

रमेशराव उठून उभे राहिले होते. एसटीत मेकॅनिक म्हणून हयात काढलेला धिप्पाड माणूस. हळू आवाजात म्हणाले, "हे नाव तुम्हाला कोणी सांगितलं?"

सगळे वहिनीकडे बघायला लागले. तेच पुढे म्हणाले, "चंद्रा तिचं माहेरचं नाव. लग्नात मी बदललं, सुजाता ठेवलं. निखिललासुद्धा माहीत नाही. मी एकटा असलो की त्या नावाने बोलतो तिच्याशी."

मग सुनंदाने, मी काही न सांगता, वाटी त्यांच्यापुढे धरली. आमच्याकडे हळद सवाष्णी लावतात, पुरुष नाही. त्यात बायको गेलेला पुरुष तर नाहीच. पण पहिली हळद चंद्राची, असं धवल्यात म्हटलं होतं, आणि धवल्यात म्हटलं की ते होतंच. रमेशरावांनी बोट बुडवून मानसीच्या गालाला लावलं. ती रडत होती. बायकाही रडत होत्या, आणि मग कोणीतरी दुसरा धवला उचलला, दुसरीने त्यात सूर मिळवला, आणि घर भरलं. मीही रडलो, लपवत नाही.

नंतर वहिनीला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, वहिनी, हे कुणी शिकवलं? ती भांडी पुसत म्हणाली, "यांनी. सकाल-सांज समोर बसवून घ्यायचे. बोलले, असाच म्हन, येक शब्द इकरचा तिकरं करू नको. मी इचारला, कुनी सांगलं तुमाला, तर माज्यावर वरडले." मी विचारलं, मग तो स्वतः का नाही आला? तर म्हणाली, तो घरात पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलाय आणि बायकोला पाठवून दिलंय.

मी तडक पुढच्या घरात गेलो. खरंच पडला होता. म्हटलं, दादा, आता तरी बोल. ऐकल्याशिवाय शिकवलंस कसं? तर हा माणूस भिंतीकडे बघतच म्हणाला, "काय आयकलं? मी काय आयकला न्हाय." अरे देवा! माझ्या डोक्यात पुन्हा तिडीक गेली. पोरीची हळद राखलीस, आत्याचा धवला जपलास, आणि मला मात्र आयुष्यभर वेडा ठरवणार? मला आनंद झाला होता, पायाही पडावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी पलंगावरची उशी फेकून मारावीशी वाटत होती.

आता मानसी टेमघरला सुखात आहे. मी दुकानदाराशी भांडून ग्राफिक कार्ड मिळवलं आणि बसवलं. स्क्रीन येतो, मशीन लोण्यासारखी चालते, बोर्डाची निवड अगदी बरोबर ठरली. आणि त्या दिवसानंतर स्पीकरमधून एक शब्द आला नाही. मी कार्ड काढून बघितलं, एसएसडी काढून बघितली, तसंच उघडं टेबलावर मांडून बघितलं. तरी नुसता पंखाच फिरला. ज्याच्याकडे उत्तर असेल त्याने द्यावं, पण आधी वरचं सगळं वाचावं आणि मग तोंड उघडावं.

दादा आता दर शुक्रवारी दुपारी माझ्याकडे येतो. मागच्या खोलीत खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसतो. कशाला आलास विचारलं तर म्हणतो, तुझ्याकडे पंखा बरा हाय. मी मशीन चालू करून देतो, तो नुसता बघत बसतो. चहा प्यायला की जातो. मी काही विचारायचं सोडून दिलंय.

मागच्या शुक्रवारी असाच बसला होता. चहा संपवून कप खाली ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तो परदा बंद कर रं. तवा परदा काला व्हता."

मी म्हटलं, "कधी, दादा?"

तो पडद्याकडेच बघत राहिला. मी हात पुढे करून स्क्रीन बंद केला आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलो.